सुरीचं घर

दाभणकाकांच्या बाइंडिंगच्या दुकानात नियम एकच होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता: बूड उठलं की सुरी घरात.

हे घर म्हणजे वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा. कामाच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात पक्का ठोकलेला आणि वरून चार खाचा पाडलेला. पुठ्ठा कापायची सुरी काही भाजी चिरायची सुरी नव्हे. रोज सकाळी दगडावर घासून तिला अशी धार लावलेली असते, की बोट कापल्याचं बोटाला नंतर कळतं. तेव्हा पाणी प्यायला उठा, नाहीतर गिऱ्हाईक आलं म्हणून उठा, आधी सुरी खाचेत जायची आणि मगच माणसाने उभं राहायचं. एका कारागिराच्या पायात एकदा बसल्या जागी गोळा आला. त्याने म्हणे आधी सुरी खाचेत घातली, मग तो उभा राहिला आणि मग त्याने बोंब ठोकली. ही गोष्ट काका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि ऐकवताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की जणू त्या कारागिराला त्यांनीच जन्माला घातलंय.

दाभणकाका हे अर्थातच गल्लीने ठेवलेलं नाव. उंच, काटकुळा, ताठ माणूस, बोलणं टोकदार, आणि सकाळपासून हातात दाभण घेऊन कागदांना भोकं पाडत बसलेला. गल्लीने दुसरं काय नाव ठेवायचं? पानांचे गठ्ठे टोचून शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, लोखंडी प्रेसमध्ये दाबून ठेवायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची कायद्याची पुस्तकं, कोर्टाच्या उचलता न येणाऱ्या नोंदवह्या, सगळं त्यांच्याकडे यायचं. "मी बांधलेलं पुस्तक फाटलं तर ती वाचणाऱ्याची चूक," असं ते म्हणत. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. पण उरलेल्या वेळी, जेव्हा चूक त्यांची असे, तेव्हा ती कबूल करणं त्यांच्या अगदी जिवावर येई. हा त्यांचा दोष होता आणि तो लहान नव्हता.

त्यांची आणखी एक खोड होती. जागेवरून उठण्याआधी ते मान वळवून मागे बघत. कारागिरांना वाटे, आपण काम करतोय की नाही हे म्हातारा तपासतोय. तसं काही नव्हतं. ते शेपूट बघत.

शेपूट म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. चालायला लागल्यापासून बापाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून मागे मागे हिंडायचा, म्हणून हे नाव पडलं. पुढे तो बापापेक्षा दुप्पट रुंद झाला, बत्तीस वर्षांचा झाला, त्याच दुकानात समोरासमोर बसून पुठ्ठे कापू लागला, तरी नाव सुटलं नाही. स्वभावाने गरीब. बापाने फटकारलं की हसायचा, आणि डाव्या भुवईवरून बोट फिरवायचा. तिथे एक पांढरी रेघ होती. भुवईचे केस त्या रेघेपाशी थांबायचे आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचे.

ती रेघ कुठून आली, हे आईच्या मते सगळ्या जगाला माहीत होतं. पोर पाच वर्षांचं असताना प्रेसच्या लोखंडी कोपऱ्यावर पडलं होतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुवायच्या होत्या, पोर पायात पायात येत होतं, म्हणून तिनेच त्याला दुकानात धाडलं होतं. "माझीच बुद्धी फिरली," असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली. त्या कोपऱ्याला तिने स्वतः येऊन जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळल्या, सुतळीने घट्ट बांधल्या, आणि त्या काळ्या पडल्या की दर वर्षी नव्या बांधल्या. पोर मोठं झालं, कोपरा त्याच्या गुडघ्याच्याही खाली राहिला, तरी चिंध्या चालूच.

खरं काय घडलं ते दोघांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी दारातून कुणीतरी हाक मारली आणि काका हातातल्या सुरीसकट उठून गर्रकन वळले. हातात सुरी आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मागे सदऱ्याचं टोक धरून शेपूट उभं होतं. अर्ध्या बोटाने सुरी खाली गेली असती तर डोळा गेला असता. पोराला उचलून दवाखान्याकडे धावताना काका त्याच्या कानात म्हणाले, "आईला सांगायचं, प्रेसवर पडलो. सांगशील ना?" रक्ताने भिजलेली मान हलली. डॉक्टरांना पोराने तेच सांगितलं. घरी आल्यावर आईच्या डोळ्यांत डोळे घालून, अजिबात न अडखळता सांगितलं, "मी पळत होतो. प्रेसवर पडलो." इतक्या लहान पोराला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं, याचंच काकांना त्या दिवशी भय वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकळा आणून त्याला खाचा पाडल्या. नियम झाला तो असा.

सत्तावीस वर्षं तो नियम कुणी मोडला नाही. आणि मग तो टेंपो आला.

समोरच्या दुकानात फरशा यायच्या, आणि टेंपोवाला टेंपो आणून नेमका बाइंडिंगच्या दारात लावायचा. दार अडलं की उजेड अडला, आणि उजेड अडला की बाइंडरचे हात बांधले गेले. काका रोज बाहेर येऊन ओरडायचे, टेंपोवाला रोज "पाच मिनिटं, काका" म्हणायचा, आणि ती पाच मिनिटं तासभर चालायची. गल्लीला त्याची करमणूक होती. त्या दुपारी मात्र टेंपोवाल्याचंही काहीतरी बिनसलेलं होतं. काका टोचून बोलले, अगदी त्याच्या आईबापांपर्यंत गेले, आणि त्याने दोन्ही हातांनी काकांच्या छातीवर ढकललं. काका उताणे पडले. डोकं पायरीवर आपटलं, त्याचा आवाज झाला. त्यांना आठवतं ते एवढंच: टेंपोचा खालचा गंजलेला पत्रा, आणि अंगावरून पुढे गेलेली आपल्या मुलाची पावलं. मान उचलून पाहीपर्यंत टेंपोवाला पोट धरून हळूहळू खाली बसत होता. त्याचा चेहरा कुणीतरी अवघड प्रश्न विचारल्यासारखा झाला होता.

वार एकच. त्यानंतर शेपूटच गुडघ्यांवर बसून ती जखम दोन्ही हातांनी दाबून धरत होता आणि "गाडी बोलवा, कुणीतरी गाडी बोलवा" म्हणून ओरडत होता. पोलिस आले तेव्हाही त्याने हात काढले नव्हते.

टेंपोवाला वाचला. आतड्याचा तुकडा काढावा लागला. पुन्हा टेंपो चालवणं झालं नाही, आणि स्वतःच्या लहान मुलीला उचलून घेणंही झालं नाही. कोर्टात तो बायकोच्या आधाराने यायचा, बाकाच्या टोकाला बसायचा. काकांना त्याच्याकडे बघवत नसे. त्या माणसाला आपण आईबापांवरून बोललो होतो, हे त्यांना आठवायचं.

खटला उभा राहिला तेव्हा शेपटाच्या वकीलबाईंनी काका-काकूंना समोर बसवून सगळं समजावलं. बाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट.

"मारलं की नाही हा प्रश्नच नाही, काका. ते सगळ्या गल्लीने पाहिलंय. प्रश्न एवढाच आहे, की मारताना त्याच्या मनात काय होतं."

"मग त्यालाच विचारा की," काका म्हणाले.

"त्याने सांगितलेलं कोर्ट ऐकून घेईल, मानेलच असं नाही. मन काही उघडून बघता येत नाही. मग बाहेरच्या गोष्टींवरून ठरवतात. हत्यार कुठून आलं, वार किती, कुठे बसला, तोंडातून काय निघालं. आपला वार एकच आहे, आणि नंतर जखम त्यानेच दाबून धरली. ते आपल्या बाजूचं. राहिली सुरी." बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तो म्हणतो, पुठ्ठा कापत होतो, सुरी हातातच होती, तुम्ही पडल्याचा आवाज आला तसा उठून धावलो. टेबलावर अर्धा कापलेला पुठ्ठाही मिळालाय. हे कोर्टाला पटलं, तर रागाच्या भरात घडलं असं होईल. तीन-चार वर्षांत घरी येईल. पण सुरी ठोकळ्यात होती आणि त्याने ती काढून घेतली असं ठरलं, तर मग त्याने हत्यार निवडलं, असा अर्थ होतो. मग तो खुनाचा प्रयत्न. दहा वर्षं."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"म्हणून मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "तुमच्या दुकानात कधी कुणी चुकून सुरीसकट उठलंय? एकदा तरी? तसं असेल तर फार उपयोगी पडेल."

काकांच्या शेजारी काकू बसल्या होत्या. खांद्याला खांदा लागत होता. गेल्याच आठवड्यात त्यांनी प्रेसच्या कोपऱ्याला नव्या चिंध्या बांधल्या होत्या. मुलगा कोठडीत, दुकान बंद, तरी येऊन बांधल्या होत्या.

"नाही," काका म्हणाले. "आमच्याकडे तसलं चालत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. मग साक्षीत हा विषय तुम्ही आपणहून काढू नका. त्याने ढकललं, मी पडलो, डोकं आपटलं, आवाज झाला. बस्स. विचारलं तेवढंच बोलायचं."

काकांना ते लागलं. मला काय बोलायचं कळत नाही का, असा चेहरा करून ते उठले, आणि उठण्याआधी मागे बघायला विसरले नाहीत.

साक्षीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. या कोर्टाच्या नोंदवह्या चाळीस वर्षं त्यांनी बांधल्या होत्या. इथले शिपाई त्यांना ओळखायचे, कारकून चहा विचारायचे. पिंजऱ्यात उभं राहताना त्यांना परकं असं वाटलंच नाही, आणि घात तिथेच झाला. वकीलबाईंनी विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं. ढकललं, पडलो, आवाज झाला. मग उलटतपासणीला सरकारी वकील उठले. मऊ आवाजाचा, टक्कल पडलेला माणूस. त्यांनी टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक उचललं.

"हे तुम्ही बांधलंय. ओळखता?"

काकांनी ते लांबूनच ओळखलं. "हो. शिवण बघा त्याची. वीस वर्षं झाली असतील."

"एक टाका सुटलेला नाही," वकील म्हणाले. "तुमच्या हाताखाली किती जण तयार झाले असतील?"

"मोजले नाहीत. पण शहरात आज जे चार बरे बाइंडर आहेत, त्यातले तीन माझे."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशही किंचित हसले. काका खुलले. वर्षभरात त्यांना कुणी कामाबद्दल विचारलं नव्हतं. जो तो रक्ताबद्दल विचारायचा.

"इतक्या धारदार सुऱ्या, इतकी माणसं. अपघात होत असतील."

"आमच्याकडे नाही."

"ते कसं काय?"

वकीलबाई अर्ध्या उठल्या, पण हरकत घ्यायला शब्द सापडण्याआधीच काका बोलून मोकळे झाले होते. ठोकळा, चार खाचा, सत्तावीस वर्षांचा नियम, बूड उठलं की सुरी घरात. पायात गोळा आलेल्या कारागिराची गोष्टसुद्धा त्यांनी सांगितली. टायपिस्टची बोटं खटाखट चालत होती.

"आणि हा नियम तुमचा मुलगाही पाळायचा?"

"सगळ्यांत जास्त तोच. झोपेतून उठवलं तरी आधी हात ठोकळ्याकडे जाईल त्याचा."

"सुरी हातात घेऊन तुमच्या दुकानात कधीच कुणी उठलेलं नाही?"

"कधीच नाही."

इथे न्यायाधीशांनी मान वर केली. त्यांना खरोखरच कुतूहल वाटलं असावं. "दुकान चाळीस वर्षांचं, आणि नियम तुम्ही सत्तावीस वर्षांपूर्वी केला म्हणता. तेव्हा असं काय झालं होतं? काही अपघात वगैरे?"

काकांनी समोर पाहिलं. डावीकडच्या पिंजऱ्यात त्यांचा मुलगा उभा होता, आणि त्याचा हात भुवईपाशी गेला होता. तो काही खुणावत नव्हता, ती त्याची सवयच होती. आणि मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, काकू बसल्या होत्या. त्या काकांकडे अभिमानाने बघत होत्या. आपला माणूस एवढ्या मोठ्या कोर्टात किती छान बोलतोय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"नाही, साहेब," काका म्हणाले. "काही झालं नव्हतं. शिस्त म्हणून केला."

सरकारी वकिलांनी पुस्तक अलगद खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्याच सांगण्याप्रमाणे, त्या दिवशी तो उठला तेव्हा सुरी ठोकळ्यात असणार. आणि ती त्याच्या हातात यायची तर त्याने ती पुन्हा काढायला हवी. बरोबर?"

हा प्रश्न इकडे चालला होता हे काकांना आत्ता दिसलं. स्वतःच्या तोंडाने त्यांनी एकेक खिळा ठोकला होता. "तसं नाही," ते म्हणाले, "मी... तो..."

"एवढंच," वकील म्हणाले आणि बसले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. टायपिस्टने कागद ओढून काढला.

घरी आल्यावर काका सदरासुद्धा न बदलता खुर्चीवर बसून राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला. "वकीलबाई एवढ्या का चिडल्या तुमच्यावर?" त्यांनी विचारलं. "चांगलं बोललात की."

मग काकांनी सांगितलं. चहाच्या कपाकडे बघत, एका दमात. हाक आली, मी वळलो, सुरी हातात होती, मला ठाऊकच नव्हतं. धावताना त्याला काय शिकवलं, तेही सांगितलं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मी धाडलं म्हणून नव्हे."

"नाही."

"प्रेस नव्हतीच."

"नव्हती."

"सत्तावीस वर्षं, अहो." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "सत्तावीस वर्षं त्या लोखंडाला मी चिंध्या बांधतेय. देव जाणे किती वेळा झोपेत ते पोर पडताना बघितलं मी. आणि तुम्ही शेजारी घोरत होतात."

काकांना रडू फुटलं. काकूंनी त्यांना जवळ घेतलं नाही. त्या उठल्या, त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायांपुढे टाकल्या. "माझ्यावर नंतर रडा. आधी वकीलबाईंकडे चला. हातात सुरी असलेली कळत नाही माणसाला, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ते सांगा जाऊन."

वकीलबाईंनी ऐकलं आणि डोकं धरलं. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच त्या म्हणाल्या. तरी त्यांनी अर्ज केला, धडपड केली, आणि काकांना पुन्हा एकदा पिंजऱ्यात उभं राहायला मिळालं. या वेळी त्यांनी काही राखून ठेवलं नाही. भर कोर्टात, बायकोसमोर, मुलासमोर सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं खरं ते कधी बोलले नव्हते.

सरकारी वकील हळूच उठले.

"तुम्ही पत्नीशी खोटं बोललात. डॉक्टरांना मुलाकडून खोटं सांगवलंत. मुलाच्या वकिलांशी खोटं बोललात. शपथ घेऊन या कोर्टाशी बोललात. आणि आज खरं बोलताय."

"हो."

"आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून ओळखायचं?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्याच्या भुवईवर खूण आहे."

"खूण आहे. पण ती सुरीची की प्रेसची, हे खूण सांगत नाही. डॉक्टर हयात आहेत?"

"नाहीत."

"दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं असेल?"

"प्रेसवर पडला म्हणून," ते म्हणाले.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. निकालात त्यांनी लिहिलं, की साक्षीदाराचं पहिलं सांगणं सहज, न विचार करता आलेलं होतं, तो आपल्या कामाची शिस्त सांगणारा प्रामाणिक कारागीर वाटला. दुसरं सांगणं मुलाच्या मायेपोटी आलेलं आहे. अर्धा कापलेला पुठ्ठा एवढंच दाखवतो की काम मध्येच थांबलं. सुरी कुठे होती ते दाखवत नाही. जखम दाबून धरली म्हणून एक वर्ष कमी केलं. नऊ वर्षं.

तुरुंगात पहिली भेट मिळाली ती महिन्याने. आधी एकच माणूस सोडतात म्हणाले, तेव्हा काकूंनी काकांना पुढे ढकललं. "जा. विचारा त्याला," त्या म्हणाल्या. काय विचारायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. वर्षभर सगळ्यांनी विचारलं होतं, बापाने एकदाही विचारलं नव्हतं.

मध्ये जाळी होती. शेपूट वाळला होता. त्याला बाइंडिंगच्याच कामाला लावलं होतं.

"सुऱ्या देतात?" काकांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"देतात. पण साखळीने टेबलाला बांधलेल्या."

"म्हणजे बूड उठलं की..."

"बूड उठलं की उठलं. सुरी जागच्या जागी. तुमचा नियम इथे लोखंडाने पाळतात, बाबा."

दोघेही हसले. हसता हसता काकांनी जाळीत बोटं अडकवली. "मला माफ कर रे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी तेवढं एक वाक्य बोललो असतो... न्यायाधीशांनी स्वतःहून विचारलं होतं. दार उघडून दिलं होतं मला. तुझी आई मागे बसली होती, माझी जीभ उचलली नाही. नऊ वर्षं, बाळा. माझ्यामुळे."

शेपटाने बापाच्या डोळ्यांत डोळे घातले.

"तुमच्यामुळे नाही," तो म्हणाला. "सुरी घरातच होती, बाबा. आवाज आला तेव्हा मी ती खाचेत ठेवली, उठलो, तुम्हाला खाली पडलेलं बघितलं, आणि परत वळून काढली. तुम्ही कोर्टात खरं तेच बोललात. उगाच जिवाला लावून घेऊ नका."

तो अजिबात अडखळला नाही.

काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, भुवईवरच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. हा चेहरा त्यांनी या आधी एकदा पाहिला होता. "खरं सांग," ते म्हणाले. "अरे, माझी शपथ आहे, खरं सांग." पण पहारेकऱ्याने वेळ संपल्याची हाक दिली होती, आणि शेपूट उठून हसत हात हलवत होता.

बाहेर काकू फाटकापाशी उभ्या होत्या. काकांनी ठरवलं होतं की आता हिच्यापाशी शब्दही फिरवायचा नाही. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं त्यांनी सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग त्या तुरुंगाच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खोटं बोलतोय तो. पाच वर्षांचा असल्यापासून तुमच्यासाठी खोटं बोलतोय."

"आणि खरं बोलत असेल तर?"

खरं काय ते काकूंनाही माहीत नव्हतं, आणि आता कधी माहीत होणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान उघडलं. टेबलावर तो अर्धा कापलेला पुठ्ठा तसाच होता. पोलिसांनी फोटो काढून तो तिथेच सोडला होता. शेपटाची सुरी कोर्टाच्या मुद्देमालात गेली होती आणि तिची खाच रिकामी होती. काका आपल्या जागेवर बसले, दुसऱ्या एका पुठ्ठ्यावर पट्टी ठेवली, दोन काप घेतले. थोड्या वेळाने दारातून कुणीतरी हाक मारली. त्यांनी सुरी खाचेत घातली, आणि उठण्याआधी मान वळवून मागे पाहिलं.

मागे कुणी नव्हतं. तरी ते बराच वेळ तसेच बघत राहिले.